श्रीसमर्थ रामदासस्वामी : नामाने घडलेली वाणी

॥ श्रीराम समर्थ ॥

महाराष्ट्राच्या संतमालिकेत श्रीसमर्थ रामदासस्वामींचे स्थान आगळे आहे. रामनामाचा अखंड जप करणारे तपस्वी म्हणून ते जसे वंदनीय आहेत, तसेच स्पष्ट, नेमके आणि ऐकणाऱ्याच्या मनाला जाऊन भिडणारे बोलणारे वक्ते म्हणूनही ते सर्वपरिचित आहेत. या दोन गोष्टी त्यांच्या ठायी वेगवेगळ्या नव्हत्या. बारा वर्षे त्यांच्या जिभेवर एकच मंत्र होता आणि पुढे त्याच जिभेने गावोगावच्या लोकांना जागे केले. देवदर्शनाला येणाऱ्या बहुतेक भाविकांच्या हाती माळ असते. परंतु माळ खाली ठेवल्यानंतर घरात, दुकानात, कचेरीत त्याच मुखातून कोणते शब्द निघतात, याचा विचार क्वचितच होतो. हा विचार करू इच्छिणाऱ्यांना समर्थांचे चरित्र फार मोठा आधार देते. म्हणून नामस्मरण आणि वाणी यांचा संबंध ध्यानी ठेवून त्यांचे अल्पचरित्र येथे दिले आहे.

जन्म आणि बालपण

मराठवाड्यातील जांब या गावी (आताचा जालना जिल्हा) शके १५३० च्या चैत्र शुद्ध नवमीस, म्हणजे इ.स. १६०८ साली, ऐन रामजन्माच्या वेळी समर्थांचा जन्म झाला. पिता सूर्याजीपंत ठोसर हे सूर्योपासक व रामभक्त होते. मातेचे नाव राणूबाई. बालकाचे नाव नारायण ठेवण्यात आले. ज्येष्ठ बंधू गंगाधरपंत हेही पुढे श्रेष्ठ या नावाने ओळखले गेले आणि त्यांनी ग्रंथरचना केली. नारायण लहान असतानाच पित्याचे छत्र हरपले.

नारायण खोडकर होता, झाडावर चढणारा, पाण्यात डुंबणारा होता. पण मधूनच तो एकदम गप्प होई. एके दिवशी तो दिसेनासा झाला. शोध घेता घेता घरातील अडगळीच्या अंधाऱ्या खोलीत तो स्वस्थ बसलेला आढळला. काय करतोस असे मातेने विचारता, आपण विश्वाची चिंता करीत आहोत असे त्याने सांगितले, अशी कथा चरित्रकारांनी दिली आहे. घरच्यांना त्या वेळी हसू आले असेल. परंतु बोलण्याआधी गप्प बसून विचार करण्याची ओढ या बालकाच्या ठायी आरंभापासून होती, एवढे त्या कथेवरून ध्यानात येते.

एका शब्दाचा अर्थ

नारायण बारा वर्षांचा झाला तेव्हा घरात त्याच्या लग्नाची बोलणी सुरू झाली. लग्नाचा विषय निघाला की तो रागावे, पळून जाई. अखेर मातेने त्याच्याकडून वचन घेतले की, अंतरपाट धरीपर्यंत तो नाही म्हणणार नाही. त्याने ते मान्य केले. आसनगाव येथे विवाह ठरला. मंडप सजला, वधूवर अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभे राहिले, मंगलाष्टके सुरू झाली आणि सावधान हा शब्द उच्चारला गेला. मांडवातील प्रत्येकाने तो शब्द शेकडो वेळा ऐकलेला होता. विधीचा एक भाग म्हणून तो कानावरून जात असे, इतकेच. नारायणाने मात्र तो शब्द अर्थासह ऐकला. मातेला दिलेले वचन अंतरपाटापर्यंतचे होते आणि ते पाळले गेले होते. तो मांडवातून निघाला तो कोणाच्याही हाती लागला नाही.

या प्रसंगात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली, दिलेला शब्द त्याने अक्षरशः पाळला. दुसरी, इतरांनी ज्या शब्दाकडे लक्षही दिले नाही, तो त्याने संपूर्ण लक्ष देऊन ऐकला. स्पष्ट बोलणे ही पुढची पायरी आहे. नीट ऐकणे ही पहिली. मात्र या प्रसंगाला दुःखाचीही बाजू आहे. घरात वैधव्याचे दुःख सोसणारी माता मुलाची वाट पाहत राहिली आणि मुलगा एकही शब्द न सांगता निघून गेला. हे न बोललेले बोलणे पुढे चोवीस वर्षे तसेच राहिले.

टाकळी येथील पुरश्चरण

जांबहून निघालेला नारायण नाशिकला पंचवटीत पोहोचला आणि तेथून जवळच असलेल्या टाकळी या गावी राहिला. येथे नंदिनी व गोदावरी या नद्यांचा संगम आहे. इ.स. १६२० ते १६३२ अशी बारा वर्षे त्यांनी येथे तपश्चर्या केली. पहाटे उठून संगमाच्या पात्रात कमरेइतक्या पाण्यात उभे राहावे आणि सूर्य माथ्यावर येईपर्यंत गायत्रीचा व रामनामाचा जप करावा. दुपारी पंचवटीत जाऊन माधुकरी मागावी. त्यानंतर देवळांतून चालणारी कीर्तने, पुराणे ऐकावी, ग्रंथांचे वाचन करावे, असा त्यांचा दिनक्रम होता, असे चरित्रकार सांगतात. याच सुमारास त्यांना रामदास हे नाव प्राप्त झाले.

त्यांनी जपलेला मंत्र तेरा अक्षरांचा आहे. त्यात श्री हे अक्षर एकदा, रामाचे नाव तीन वेळा आणि जयजयकार तीन वेळा येतो. या त्रयोदशाक्षरी मंत्राचा तेरा कोटी जप त्यांनी पूर्ण केला, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. तेरा कोटींना बारा वर्षांच्या दिवसांनी भागले, तर दर दिवशी सुमारे तीस हजार जप होतो. एकशे आठ मण्यांच्या माळेने मोजल्यास रोज पावणेतीनशे माळा. सकाळच्या सहा तासांत एवढी संख्या बसणे कठीण आहे. याचा अर्थ, नदीतून बाहेर आल्यावर जप थांबत नव्हता. माधुकरीसाठी चालताना, वाट पाहताना, अंथरुणावर पडताना तो आत चालूच राहत होता. नामस्मरण हे दिवसाच्या एका कोपऱ्यातले कर्म न राहता दिवसभराच्या बोलण्याचा पाया कसा होते, हे या हिशेबावरून समजते.

जपाच्या जोडीला लेखनाची साधनाही होती. समर्थांनी वाल्मीकि रामायणाची प्रत स्वहस्ते लिहिली. त्यांच्या हस्ताक्षरातील ही संस्कृत रामायणाची प्रत धुळे येथील श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जतन करण्यात आली आहे. वाग्देवता म्हणजे वाणीची देवता. समर्थांच्या वाङ्मयाच्या जतनासाठी उभारलेल्या संस्थेला हे नाव मिळावे, हे सर्वथा योग्य होय. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे, एकही अक्षर न गाळता उतरविणे हेही एक प्रकारचे श्रवणच आहे.

समर्थांची करुणाष्टके प्रसिद्ध आहेत. त्यांत रामाच्या भेटीची तळमळ आहे, स्वतःच्या उणिवांची कबुली आहे, मनाच्या चंचलतेची तक्रार आहे. देवापुढे कोणताही आडपडदा न ठेवता बोलणारा मनुष्य पुढे लोकांपुढेही आडपडदा न ठेवता बोलू शकतो.

जपाने वाणीत काय घडते

आपल्या शास्त्रांनी वाणीचे चार प्रकार मानले आहेत : परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी. मुखातून प्रकट होते ती वैखरी. तिच्या मागे कंठात घोळणारी मध्यमा, त्यामागे अर्थरूपाने स्फुरणारी पश्यंती आणि सर्वांच्या मुळाशी परा. आपण सामान्य माणसे बहुधा वैखरीतच वावरतो. मनात काय उठले ते पाहण्याआधीच शब्द बाहेर पडतो. जपाचा क्रम उलट दिशेने नेणारा आहे. आधी मोठ्याने म्हणावयाचा तो वाचिक जप, मग केवळ ओठ हलतील असा उपांशु जप आणि शेवटी मनातल्या मनात होणारा मानस जप. या मार्गाने साधक शब्दाच्या उगमाकडे जातो. उगमापाशी थांबण्याची सवय झाली की बोलण्यापूर्वी क्षणभर थांबणे अवघड राहत नाही.

दुसरी गोष्ट लक्षाची आहे. जप करणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव येतो की, बोटे मणी ओढत राहतात आणि मन बाजारात जाऊन पोहोचते. ते ध्यानात आले की मनाला परत नामावर आणावयाचे. माळेभर हेच चालते. संभाषणातही नेमके हेच घडत असते. समोरचा बोलत असतो आणि आपले मन त्याला द्यावयाचे उत्तर जुळवीत असते. ज्याला नामावरून सुटलेले मन परत आणण्याचा सराव आहे, त्याला समोरच्याच्या बोलण्यावरून सुटलेले मनही परत आणता येते.

तिसरी गोष्ट श्वासाची आहे. नाम लयीत म्हणताना श्वास आपोआप संथ व दीर्घ होतो. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, माळेवरील प्रार्थना किंवा मंत्र लयीत म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत खाली येते. एरवी स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे श्वास मिनिटाला बारा ते वीस असतात. राग आला की श्वास भरभर चालतो, आवाज चढतो आणि शब्द वाकडे पडतात, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. श्वास संथ असेल तर आवाज स्थिर राहतो. नामाचे माहात्म्य अशा मोजमापात मावणारे नाही. परंतु नाम घेणाऱ्याच्या देहालाही ते शांत करते, एवढे यावरून म्हणता येते.

तीर्थाटन आणि मातृभेट

इ.स. १६३० ते १६३२ या काळात दख्खनेत भीषण दुष्काळ पडला होता. गावे ओस पडली, माणसे देशोधडीला लागली. त्याच १६३२ साली समर्थ टाकळीहून बाहेर पडले. पुढील बारा वर्षे हिमालयापासून रामेश्वरापर्यंत त्यांनी पायी प्रवास केला. तीर्थे पाहिली, तशीच माणसेही पाहिली. अस्मानी आणि सुलतानी या दोन्ही संकटांखाली पिचलेल्या लोकांच्या दुःखाचे वर्णन त्यांच्या रचनांत आले आहे. या बारा वर्षांत त्यांनी प्रामुख्याने पाहिले आणि ऐकले. लोकांना काय सांगावयाचे हे ठरविण्यापूर्वी लोक काय सोसत आहेत हे त्यांनी जाणून घेतले.

तीर्थाटनाच्या अखेरीस ते जांबला आले. घर सोडून चोवीस वर्षे झाली होती. पुत्राच्या वियोगाने रडून रडून राणूबाईंची दृष्टी गेली होती, असे परंपरा सांगते. दारात रघुवीराचा जयघोष ऐकून कोणी गोसावी भिक्षेला आला असे घरच्यांना वाटले. हा नारायण आहे हे कळले तेव्हा मातेने त्याच्या मुखावरून हात फिरविला आणि समर्थांच्या स्पर्शाने तिला पुन्हा दृष्टी लाभली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. त्यानंतर समर्थांनी मातेजवळ बसून तिला कपिलगीता सांगितली. भागवतात कपिलमुनींनी आपली माता देवहूती हिला जो उपदेश केला, तीच ही कपिलगीता. पुत्राने मातेला समजावून सांगितलेले हे ज्ञान. बारा वर्षांचा मुलगा जे सांगू शकला नव्हता, ते छत्तीस वर्षांच्या पुत्राने शांतपणे, तिच्या भाषेत, तिच्या शेजारी बसून सांगितले. दीर्घ साधनेचे फळ कोणते, असे कोणी विचारले तर या प्रसंगाकडे बोट दाखविता येईल.

कृष्णातीरीचे कार्य

इ.स. १६४४ च्या सुमारास समर्थ कृष्णेच्या खोऱ्यात आले. मसूर येथे त्यांनी रामनवमीचा उत्सव सुरू केला. इ.स. १६४८ मध्ये चाफळ येथे श्रीराममंदिराची स्थापना झाली. ही राममूर्ती अंगापूरच्या डोहात मिळाली, असे संप्रदायात सांगितले जाते. शहापूर, मसूर, चाफळ, उंब्रज, शिंगणवाडी, माजगाव, बहे-बोरगाव, मनपाडळे, पारगाव आणि शिराळे या ठिकाणी मिळून अकरा मारुतींची स्थापना इ.स. १६४५ ते १६५४ या काळात झाली. ठिकठिकाणी मठ उभे राहिले.

या मठांतील शिष्यांना समर्थांनी जी कामे नेमून दिली, त्यांत भिक्षा हे महत्त्वाचे काम होते. भिक्षा म्हणजे केवळ धान्य गोळा करणे नव्हे. भिक्षेच्या निमित्ताने घरोघर जाता येते, लोकांची स्थिती कळते, त्यांच्याशी दोन शब्द बोलता येतात. शिष्यांनी दारोदारी म्हणावे म्हणून मनाचे श्लोक रचले गेले, असे परंपरा सांगते. या श्लोकांची संख्या दोनशे पाच असून ते भुजंगप्रयात वृत्तात आहेत. या रचनेची योजना मोठी विचारपूर्वक केलेली आहे. दारात उभ्या असलेल्या गोसाव्याने घरातल्या माणसाला उपदेश केला असता, तर तो कोणाला रुचला नसता. येथे म्हणणारा आपल्याच मनाशी बोलतो आणि ऐकणारा ते स्वतःसाठी घेतो. कोणाचाही अपमान न करता खरे बोलण्याची ही रीत आजही घराघरांत उपयोगी पडावी अशी आहे.

शिष्यपरिवारात कल्याणस्वामी, उद्धवस्वामी, दिवाकर गोसावी, तंजावरकडे कार्य करणारे भीमस्वामी, तिसगावचे दिनकरस्वामी असे अनेक थोर पुरुष होते. स्त्रियाही होत्या. मिरजेच्या वेणाबाई बालविधवा होत्या. त्या काळी अशा स्त्रीने चारचौघांत तोंड उघडणेही दुरापास्त होते. समर्थांनी त्यांना नामाची व ग्रंथाची दीक्षा दिली, कीर्तनास उभे केले आणि मिरजेच्या मठाचा भार त्यांच्यावर सोपविला. वेणाबाईंनी सीतास्वयंवरासारखी काव्यरचना केली. जिला कोणी बोलू देत नव्हते तिला वाणी मिळाली, हे समर्थांच्या कार्यातील एक मोठे पुण्यकर्म मानावे लागेल. अक्काबाईंनी समर्थांच्या पश्चात चाफळ व सज्जनगडाची व्यवस्था सांभाळली.

शिवथरघळ आणि श्रीमत् दासबोध

महाड तालुक्यात सह्याद्रीच्या कुशीत शिवथरघळ हे स्थान आहे. घनदाट रान, भोवती डोंगर आणि जवळच कोसळणारा धबधबा. येथे समर्थांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, असे संप्रदाय मानतो. काळाच्या ओघात विस्मृतीत गेलेले हे स्थान धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली पुन्हा प्रकाशात आणले.

दासबोधाचे वीस दशक आणि दोनशे समास आहेत. ग्रंथ गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने चालतो. श्रोता शंका विचारतो, वक्ता तिचे निरसन करतो; शंका फिटली नाही तर श्रोता पुन्हा विचारतो आणि वक्ता दुसऱ्या बाजूने समजावतो. ऐकणाऱ्याला कळेपर्यंत सांगणाऱ्याचे काम संपत नाही, ही समर्थांची धारणा ग्रंथाच्या रचनेतच दिसते.

चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे निरूपण आहे. पहिली भक्ती श्रवण, दुसरी कीर्तन, तिसरी नामस्मरण. नामस्मरणाच्या समासात समर्थ सांगतात की, सकाळी, दुपारी, सायंकाळी आणि सुखात तसेच दुःखातही नाम सोडू नये. वैभव आले, सत्ता मिळाली, भाग्य उदयास आले तरी नामाचा विसर पडू देऊ नये. नामाचा अधिकार सर्व वर्णांना आहे, येथे लहानथोर असा भेद नाही. श्रवणाला तर त्यांनी साधनांत फार वरचे स्थान दिले आहे. कीर्तनासंबंधीच्या समासांत प्रसंग ओळखून आणि श्रोत्यांचे भान ठेवून बोलावे, असा त्यांचा आग्रह आहे.

बोलण्यातील दोषही त्यांनी स्पष्ट दाखविले. मूर्खलक्षणांच्या समासात स्वतःची स्तुती करणारा, दोघे बोलत असता मध्येच जाऊन बसणारा, घरात शहाणपण सुचते पण सभेत शब्द सापडत नाही असा, अशी माणसे येतात. पढतमूर्खाच्या समासात इतरांना शहाणपण सांगून स्वतः तसे न वागणारा विद्वान येतो. ही लक्षणे वाचताना शेजाऱ्याची आठवण येते. पण ती स्वतःला लावून पाहण्यासाठी आहेत.

एकोणिसाव्या दशकाच्या आरंभीचा लेखनाचा समास तर प्रत्येक लिहिणाऱ्याने वाचावा असा आहे. अक्षर वाटोळे, सरळ व मोकळे असावे, पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखे असावे, असे समर्थ सांगतात. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण तेच अक्षर म्हातारपणी वाचता येत नाही. पानाच्या चारही बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी मजकूर झडणार नाही. आपण लिहितो ते वाचणाऱ्याला कळावे आणि आपल्या मागे टिकावे, हा विचार यामागे आहे. कल्याणस्वामींनी लिहिलेली दासबोधाची प्रत डोमगावच्या मठात जपली गेली, हे या शिकवणीचेच फळ होय.

सज्जनगड आणि निर्याण

साताऱ्याजवळचा परळीचा किल्ला इ.स. १६७३ मध्ये श्रीशिवछत्रपतींच्या ताब्यात आला. इ.स. १६७६ पासून समर्थ येथे वास्तव्यास आले आणि हा गड सज्जनगड या नावाने विख्यात झाला. छत्रपती व समर्थ यांच्या पहिल्या भेटीच्या सालाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. भाविकांच्या मनात मात्र या दोन्ही विभूती एकत्रच वंदिल्या जातात.

इ.स. १६८० मध्ये शिवछत्रपती निवर्तले. राज्यावर मोठे संकट होते. अशा वेळी वृद्ध समर्थांनी छत्रपती संभाजी महाराजांना एक पत्र ओवीबद्ध लिहिले. ते पत्र लहानसे आहे. सावध राहावे, क्रोध आवरावा, माणसे जोडून ठेवावी, आपसात कलह होऊ देऊ नये, मागील चुका पोटात घालाव्या आणि थोरल्या महाराजांचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवावा, असा त्याचा आशय आहे. तरुण राजाला सल्ला देणे सोपे नसते. त्यात दोषारोप आला तर तो दुखावतो, स्तुती आली तर सल्ला वाया जातो. समर्थांनी दोन्ही टाळले. जे सांगावयाचे ते थोडक्यात, आदराने आणि न भिता सांगितले. बारा वर्षे जिभेवर ठेवलेल्या नामाने त्या जिभेला हीच शिस्त लावली होती.

शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस, म्हणजे इ.स. १६८२ मध्ये, समर्थांनी सज्जनगडावर देह ठेवला. तंजावरहून आलेल्या राम, लक्ष्मण, सीता व मारुती यांच्या मूर्तींचे दर्शन त्यांनी त्याआधी काही दिवस घेतले होते. शोक करणाऱ्या शिष्यांना त्यांनी आपल्या ग्रंथाकडे वळविले. आपण त्यात आहोत असा धीर दिला. ही तिथी दासनवमी म्हणून पाळली जाते. गडावर तळघरात समाधी असून तिच्यावर श्रीराममंदिर आहे.

भाविकांनी घ्यावयाचा बोध

तेरा कोटींचे पुरश्चरण सर्वांच्या हातून होणे नाही. परंतु समर्थांच्या मार्गावरची पहिली पावले कोणालाही टाकता येतील.

दर्शन झाल्यावर सभामंडपात स्वस्थ बसून एक माळ जप करावा. आरंभी स्वतःला ऐकू येईल इतक्या आवाजात, प्रत्येक अक्षर स्पष्ट उच्चारून नाम घ्यावे. घाई करू नये. माळ संपविण्यापेक्षा नाम ऐकण्याकडे लक्ष असावे. मन सुटले तर खंत न करता ते परत आणावे.

घरी नित्य एक वेळ ठरवावी. ज्या दिवशी कोणाशी अवघड विषयावर बोलावयाचे असेल, वाटणीचा प्रश्न असेल, मुलाला रागावून सांगावयाचे असेल, रुसलेल्या भावाला निरोप धाडावयाचा असेल, त्या दिवशी बोलण्यापूर्वी काही वेळ नाम घ्यावे. त्यानंतर आधी समोरच्याचे पूर्ण ऐकून घ्यावे आणि मग आपले म्हणणे मोजक्या शब्दांत सांगावे. पत्र लिहावयाचे असेल तर वाचणाऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून लिहावे.

जप हा मौनाचा आडोसाही होऊ देऊ नये. घरातील माणसांशी अबोला धरून माळ ओढीत बसणे हा समर्थांचा मार्ग नव्हे. त्यांनी बारा वर्षे नाम घेतले आणि मग ते लोकांत आले, मातेजवळ बसले, शिष्यांना शिकविते झाले. नाम माणसापासून दूर नेण्यासाठी नसून माणसाजवळ नीट पोहोचण्यासाठीही आहे.

समर्थांची काही स्थाने

जांब समर्थ (जि. जालना) : जन्मस्थान. टाकळी (नाशिक) : तपश्चर्येचे स्थान; येथील गोमयाचा मारुती समर्थांनी स्थापिलेला मानला जातो. चाफळ (जि. सातारा) : श्रीराममंदिर व मारुती. शिवथरघळ (जि. रायगड) : दासबोधाचे स्थान. सज्जनगड (जि. सातारा) : समाधी व श्रीराममंदिर. धुळे : श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर, समर्थ व संप्रदायाच्या हस्तलिखितांचा संग्रह.

येथे येणाऱ्या प्रत्येक भाविकाच्या मुखी नाम राहो, त्या नामाने त्याची वाणी शुद्ध व मधुर होवो आणि घराघरांतील तुटलेली बोलणी पुन्हा जुळोत, हीच प्रभू श्रीरामचंद्र व श्रीसमर्थ यांच्या चरणी नम्र प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥